स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या भाषेत इतकी रुळली आहे की, तिच्या खरेपणाविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. तापट मनुष्य, हट्टी मूल, मारका बैल, लाथाळ गाय, या सर्वांचा निकाल आपण या एका वाक्याने लावून मोकळे होतो. म्हणींचा गुण असा की, त्या अनुभवाचे सार थोडक्यात सांगतात; आणि दोष असा की, त्या पुढील विचारापासून सुटका करून देतात. बैल मारका आहे तो मुळातच तसा, असे एकदा ठरले म्हणजे त्याला मारका करण्यात धन्याचाही काही हात होता की काय, हा प्रश्नच उरत नाही. प्रस्तुत लेखात आम्हाला हाच प्रश्न विचारावयाचा आहे. आणि त्याच्या उत्तरासाठी वाचकांना अशा एका ठिकाणी नेणे भाग आहे की, जेथे जाण्यास त्यांचे पाऊल कदाचित अडखळेल.

ते ठिकाण म्हणजे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांतील गोमांसासाठी गुरे पाळणाऱ्यांची विस्तीर्ण कुरणे. ज्या जनावरांचा शेवट खाटीकखान्यात व्हावयाचा हे जन्मापासूनच ठरलेले, त्यांच्या स्वभावाची चौकशी कोणी कशाला करील, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु गेल्या चाळीसएक वर्षांत ती चौकशी तेथे पुष्कळ बारकाईने झाली आहे. तिच्या मुळाशी भूतदया होती असे मात्र नव्हे. बुजरे जनावर माणसांना जायबंदी करते, कुंपणे मोडते, स्वतःला इजा करून घेते आणि पोटभर खाऊनही अंग धरीत नाही. एवढ्यासाठी हिशेबी लोकांनी त्याच्या मनाकडे लक्ष दिले. हेतू व्यापाराचा असला तरी हाती लागलेले ज्ञान नीतिविचाराला उपयोगी पडणारे आहे.

स्वभाव मोजावयाचा कसा, ही पहिली अडचण. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८८ मध्ये एक अगदी साधी रीत प्रसिद्ध केली. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यासमोर खोडा असतो, तसाच पण लोखंडी खोडा तेथेही असतो. त्यात जनावराला क्षणभर अडकवून सोडून द्यावयाचे आणि बाहेर पडल्यावर पहिले दीड-दोन मीटर अंतर ते किती वेळात तोडते हे घड्याळाने मोजावयाचे. जे चालत जाते ते शांत. जे बाणासारखे सुटते ते भ्यालेले. दुसरी रीत याहूनही सोपी. खोड्यात असता जनावर स्वस्थ उभे राहते की धडपड करते, हे पाहून त्याला एक ते पाच असे गुण द्यावयाचे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, खोड्यात शांत राहणाऱ्या गुरांचे वजन धडपड करणाऱ्या गुरांपेक्षा रोजच्या रोज अधिक वाढते. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात बुजऱ्या जनावरांचे मांस अधिक चिवट असल्याचे व काळपट निघण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त असल्याचे आढळले. भीतीने स्नायूंतील साखरेचा साठा जळून जातो आणि मरणानंतर मांसात जो आम्लपणा यावयाचा तो पुरेसा येत नाही, हे त्या काळेपणाचे कारण. सारांश, भीती देहात उतरते आणि देहाबरोबर संपतही नाही. मागे ती आपली खूण ठेवून जाते.

आता ही भीती रक्तातून येते की अनुभवातून? प्रामाणिक उत्तर असे की, दोहोंतूनही येते. स्वभाव काही अंशी आनुवंशिक आहे, याविषयी आता वाद राहिलेला नाही. लिमोझीन जातीच्या अमेरिकन पैदासकारांनी १९९० नंतरच्या दशकात वळूंची निवड करताना सौम्यपणा हा एक कस म्हणून लावला आणि पिढ्यांमागून पिढ्या कळपाचा स्वभाव निवळत गेला. आपले शेतकरी बाजारात बैल पाहताना त्याच्या अंगावरील भोवरे पाहतात आणि सुशिक्षित लोक त्याला हसतात. परंतु टेंपल ग्रँडिन या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात असे दिसले की, ज्या गुरांच्या कपाळावरील भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असतो, ती खोड्यात अधिक धडपडतात. शुभाशुभाच्या कल्पना यामुळे खऱ्या ठरत नाहीत. पण जुन्या नजरेला काहीतरी दिसत होते, एवढे मात्र मान्य करावे लागते. तेव्हा म्हणीचा अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा भाग काय सांगतो, ते पाहू.

या ग्रँडिनबाईंचा जन्म १९४७ चा. त्या स्वतः आत्ममग्न, म्हणजे ज्यांना ऑटिस्टिक म्हणतात अशा. त्या शब्दांपेक्षा चित्रांत विचार करतात, असे त्यांनीच आपल्याविषयी सांगितले आहे. जेथे गुरे अडत आणि गडी विजेची काठी टोचून त्यांना पुढे ढकलीत, त्या चिंचोळ्या वाटेत त्या स्वतः उतरल्या आणि गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्यांनी पाहिले. तेव्हा जे दिसले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसले नव्हते. लोंबणारी एक साखळी, डबक्यातील पाण्याची चकाकी, कुंपणावर कोणी टाकलेला कोट, उजेडातून एकदम अंधारात शिरणारी वाट, अशा क्षुल्लक गोष्टींनी जनावर थबकत होते. ज्याला हट्ट म्हणून शिक्षा होत होती तो हट्ट नव्हता. ती शंका होती, आणि ती निरसन करण्यास साखळी उचलून बाजूला ठेवणे पुरेसे होते.

गुरांचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यांना जवळजवळ सभोवारचे दिसते. अगदी पाठीमागची थोडी जागा तेवढी दिसत नाही. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. त्याच्या बाहेर मनुष्य उभा असेल तर ते नुसते पाहते, आत पाऊल टाकले की दूर सरते, आणि फार आत शिरले तर उधळते किंवा उलटते. खांद्यापाशी एक समतोलाची जागा असते. तिच्या मागे उभे राहिल्यास जनावर पुढे चालते, पुढे उभे राहिल्यास मागे हटते. बड विल्यम्स नावाच्या अमेरिकन गुराख्याने याच ज्ञानावर आपली सारी विद्या उभारली. ओरडावयाचे नाही, धावावयाचे नाही. वर्तुळाच्या कडेवर दाब द्यावयाचा आणि जनावराने अपेक्षित पाऊल टाकले की तत्काळ मागे सरून तो दाब काढून घ्यावयाचा. हा मागे सरण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आज्ञा पाळल्यावरही ज्याच्यावरचा दाब हटत नाही, त्याला आज्ञा पाळण्याचे कारणच उरत नाही. घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत हा नियम किती जणांना ठाऊक असतो, हा विचार वाचकांवर सोपवितो.

चराईच्या व्यवस्थेचाही येथे मोठा संबंध येतो, आणि तो वरवर पाहता ध्यानात येत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील मोठमोठ्या रानांवर गुरे वर्षातून एकदोनदाच एकत्र केली जातात आणि त्यासाठी हेलिकॉप्टर व मोटारसायकली वापरतात. त्या गुरांना मनुष्य भेटतो तो त्याच दिवशी. आणि त्या दिवशी वासरांना डाग द्यावयाचे असतात, शिंगे काढावयाची असतात, गोऱ्हे खच्ची करावयाचे असतात. म्हणजे मनुष्य या प्राण्याविषयी त्यांच्याजवळ जो काही अनुभव आहे तो सगळा गोंगाटाचा व वेदनेचा. त्यांनी भ्यावे यात त्यांचा स्वभाव तो कोणता? त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

याच्या उलट आळीपाळीच्या चराईची पद्धत. नॉर्मंडीतील आंद्रे व्हॉइझँ या शास्त्रज्ञ शेतकऱ्याने १९५७ च्या आपल्या ग्रंथात गवताला विसाव्याची गरज असते हे सविस्तर मांडले. म्हणून कुरणाचे तुकडे पाडावयाचे आणि गुरांना एकेका तुकड्यात थोडाच काळ ठेवून पुढे न्यावयाचे. ही योजना झाली ती गवतासाठी. परंतु तिच्यात गुरांच्या मनालाही लाभ झाला. जेथे कळप रोज किंवा एकदोन दिवसांआड हलविला जातो, तेथे मनुष्य येतो, विजेच्या कुंपणाची एक तार उचलतो, आणि समोर ताजे, गुडघाभर गवत असते. थोड्याच दिवसांत मनुष्याचे येणे व ताजे गवत यांची सांगड जनावराच्या मनात पक्की बसते. कळप हाकेसरशी येतो आणि हाकलण्याची गरजच राहत नाही. जनावर तेच, मनुष्यही तोच. पालटले ते दोघांच्या भेटीचे निमित्त.

या संदर्भात एक हकीकत आपल्या देशाशी निगडित आहे म्हणून सांगावीशी वाटते. अमेरिकेत ‘ब्राह्मन’ या नावाने ओळखली जाणारी वशिंडाची जात मूळची आपली. गीर, कांकरेज किंवा गुजरात, ओंगोल ऊर्फ नेल्लोर आणि कृष्णाखोऱ्याची गुरे यांच्या संकरातून ती घडली. यांपैकी शेवटची जात सांगली-मिरजेकडील संस्थानिकांच्या आश्रयाने काळ्या चिकण जमिनीत नांगर ओढण्यासाठी तयार झालेली. १९०६ मध्ये टेक्सासातील पशुपालकांनी येथून गुरे नेली, १९२४ मध्ये तेथे त्या जातीची पैदासकार संघटना स्थापन झाली, आणि १९३३ मध्ये तेथून ती ऑस्ट्रेलियात पोहोचली. उष्णता व गोचीड यांना दाद न देणारी म्हणून तिची कीर्ती झाली; पण त्याबरोबरच ती भडक माथ्याची आहे अशीही तक्रार झाली. ज्यांच्या पूर्वजांना कृष्णाकाठी दहा वर्षांचे पोर पाण्यावर नेई, त्यांना पकडण्यासाठी आकाशातून यंत्र आणावे लागते! पिढ्यांच्या निवडीचाही यात वाटा असेल. परंतु ही गुरे जाणणारे लोकच सांगतात की, लहानपणी सौम्य हाताळणी मिळाली तर हीच जात माणसाला विलक्षण लळा लावते, आणि छळ झाला तर हीच सर्वांहून लवकर बिथरते. जी अधिक संवेदनाशील ती दोन्हींकडे अधिक झुकते. मुलांच्या बाबतीत हेच खरे नाही काय?

येथवरच्या विवेचनातून पहिला निष्कर्ष निघतो तो असा. आपण ज्याला दुसऱ्याचा स्वभाव म्हणतो, त्याचा बराच मोठा अंश म्हणजे आपल्या वर्तनाची त्याच्याजवळ राहिलेली आठवण होय. मेलबर्नच्या हेम्सवर्थ व कोलमन या संशोधकांनी दुभत्या गायींच्या गोठ्यांत एक प्रयोग केला. त्यांनी औषध दिले ते गायींना नव्हे, गवळ्यांना. गाय मठ्ठ असते, तिला तडाखा दिल्यावाचून ती हलत नाही, इत्यादी जे ग्रह गवळ्यांच्या मनात घर करून होते ते शिक्षणाने दूर केले. ग्रह पालटले तसे हात पालटले, आणि हात पालटले तशी गायींची भीती उतरली. स्वभावाला औषध आहे. फक्त ते ज्याला लागू पडावयाचे तो रोगी आपण समजतो त्याहून निराळा आहे.

परंतु येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. ही सारी सौम्यता अखेरीस फायद्यासाठीच ना? शांत जनावर अधिक वजन देते म्हणून त्याला न मारणे, हा सद्गुण की हिशेब? जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ च्या आपल्या नीतिग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. गिऱ्हाइके टिकावीत म्हणून तो सर्वांना एकच भाव सांगतो. त्याचे वर्तन कर्तव्याला धरून आहे, पण ते कर्तव्यबुद्धीने केलेले नाही, म्हणून त्याला नैतिक मोल नाही. या न्यायाने कुरणवाल्याची सौम्यता कवडीमोलाची ठरेल.

आमच्या मते कांटचा निवाडा कर्त्याच्या बाजूने बरोबर असला तरी ज्याच्यावर कृती घडते त्याच्या बाजूने अपुरा आहे. ज्या वासराला काठी बसली नाही, त्याला ती कोणत्या हेतूने बसली नाही याच्याशी कर्तव्य नाही. त्याचे न भिणे हे पुरे शंभर नंबरी न भिणे आहे. शिवाय हेतू व सवय यांचा संबंध दोन्ही दिशांनी चालतो. प्रथम लाभासाठी ज्याने आवाज खाली आणला, त्याला वर्षभराने मोठा आवाज स्वतःलाच कर्कश वाटू लागतो. पुष्कळ सद्गुण असेच मागील दाराने घरात आलेले असतात. तथापि त्या सद्गुणाची परीक्षा व्हावयाची ती लाभ संपतो त्या जागी. जे जनावर आजारी आहे, म्हातारे झाले आहे, ज्याच्यापासून आता काही मिळावयाचे नाही, त्याच्याशी हात तसाच सौम्य राहिला तर तो हिशेब नव्हता असे म्हणता येईल, एरव्ही नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. ज्याला ठार मारावयाचे आहे त्याचा विश्वास संपादन करणे, हा विश्वासघात नव्हे काय? रानटी जनावराला निदान शत्रू ठाऊक असतो. हाकेसरशी येणारे जनावर शेवटच्या दिवशीही हाकेसरशी येते. ग्रँडिनबाईंनी रचलेल्या वळणाच्या वाटा इतक्या निर्वेध आहेत की, त्यांतून गुरे न बुजता अखेरपर्यंत चालत जातात. कित्येकांना यात मनुष्याच्या बुद्धीचे निष्ठुर चातुर्यच दिसेल. आम्हालाही ही गोष्ट सुखाने लिहवत नाही. परंतु विचाराअंती आम्हाला असे वाटते की, येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सोडविले पाहिजेत. मारावे की न मारावे, हा एक. आणि जिवंत असेतो भिववावे की न भिववावे, हा दुसरा. बेंथॅमने १७८९ मध्येच म्हटले होते की, प्राण्यांच्या बाबतीत विचार करावयाचा तो त्यांच्या बुद्धीचा किंवा वाणीचा नव्हे, तर त्यांच्या दुःख सोसण्याच्या शक्तीचा. भीती हे स्वतःच एक पुरे दुःख आहे. ते ज्या क्षणी होते त्या क्षणीच पूर्ण होते. पुढे काय व्हावयाचे यावर त्याचे अस्तित्व अवलंबून नसते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर जो ‘मारू नये’ असे देतो त्यालाही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निराळे देता येत नाही. सौम्य हाताळणीने हत्येचे पाप धुतले जाते असे जो म्हणेल तो स्वतःला फसवितो. आणि हत्या आहेच, मग सौम्यतेचे ढोंग कशाला, असे जो म्हणेल तो एका अन्यायाचा आधार घेऊन दुसऱ्याला परवानगी देतो.

हे वाचून आपल्यापैकी जे गोमांसापासून दूर आहेत त्यांना थोडेसे समाधान वाटण्याचा संभव आहे. ते समाधान आम्ही टिकू देऊ इच्छीत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीची आणि २०१५ पासून बैल व वळू यांचीही हत्या बंद आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे कायद्यानेच दिले. पण दुसऱ्याचे काय? बेंदराला किंवा पोळ्याला शिंगे रंगवून, झूल घालून आपण बैलाला पुरणपोळीचा घास देतो. आणि उसाच्या हंगामात तोच बैल वेसणीने फुटलेले नाक व पराणीचे वण घेऊन साखर कारखान्याच्या रस्त्यावर डोईजड गाडी ओढताना दिसतो. प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारा १९६० चा कायदा व ओझ्याची मर्यादा सांगणारे १९६५ चे नियम पुस्तकात आहेत. ज्यांच्या गाडीवर तो ऊस असतो ते बहुधा स्वतःच कर्जाच्या ओझ्याखाली असतात, हेही खरे. त्यांना दोष देऊन साखर खाणाऱ्यांची सुटका होत नाही. पूज्यतेने प्राण वाचतो. भीती वाचतेच असे नाही.

आणि येथेच शांतपणाविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. वशिंडाच्या गुरांचा एक विशेष जाणत्यांनी नोंदविला आहे. त्रास मर्यादेबाहेर गेला की ती प्रतिकार सोडून खाली बसतात आणि दगडासारखी निश्चल होतात. आपल्याकडे याला बैलाने अंग टाकले असे म्हणतात. घड्याळ लावून पाहणारा अशा जनावराला कदाचित शांत म्हणून नोंदवील. परंतु ती शांती नव्हे. ती आशा सुटल्याची खूण होय. खरे शांत जनावर कान हलविते, मान वळवून पाहते, कुतूहलाने पुढे येऊन हुंगते. मोडलेले जनावर यांतले काहीच करीत नाही. घरातले अतिशय आज्ञाधारक मूल, कधी उलट उत्तर न देणारी सून, मान खाली घालून काम करणारा नोकर, यांच्या ‘गरीब’ स्वभावाची आपण जेव्हा वाखाणणी करतो, तेव्हा हा भेद एकवार मनाशी तपासून पाहावा.

स्वभाव केवळ संस्काराने घडतो असा आमचा दावा नाही. भोवरा जेथे असावयाचा तेथेच असतो, आणि सर्वोत्तम गुराख्याच्या हातूनही एखादे जनावर बुजरेच राहते. परंतु किती अंश जन्माचा आणि किती आपल्या हातचा, हे कळण्याचा मार्ग एकच आहे. आधी आपल्या हातचा अंश सुधारून पाहावयाचा, आणि मग जे उरेल त्याला स्वभाव म्हणावयाचे. हा क्रम उलटा करून, जन्माचा दोष आधी ठरवून, काठी नंतर उचलण्याची जी रीत पडली आहे, तिला ही म्हण फार दिवस साक्षीदार म्हणून उपयोगी पडली. यापुढे कोणाचा स्वभाव वाईट असे म्हणण्यापूर्वी, आपल्याला पाहून तो कोणत्या बाजूला सरतो आणि किती अंतरावरून सरतो, एवढे जरी आपण पाहू लागलो, तरी औषधाची मात्रा किती व कोणाला द्यावयाची, हे पुष्कळदा तेवढ्यावरून कळेल.